हिराबाईचं शेत आणि आमचा प्रोग्राम

ज्या ऑफिसात पाच माणसं, दोन कॉम्प्युटर आणि एकच धड चालणारा पंखा असतो, तिथं किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, आणि एक काढला की त्याच्या मागून दुसरा येतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पेणला असल्याच एका ऑफिसात तीन वर्षं नोकरी केली. आजही चार माणसं गप्पांना बसली की कुणीतरी म्हणतं, ते तुमच्या नकाशांचं सांग ना. मग सांगावं लागतं.

आधी काम काय होतं ते ऐका, नाहीतर नुसतेच हसाल. खाडीकाठच्या खारजमिनीला नवा बांध घालायचा होता. जुना बांध जागोजागी फुटलेला. फुटलेल्या जागेला आमच्याकडं खांड म्हणतात. खांड पडली की उधाणाचं खारं पाणी थेट शेतात, आणि मग तिथं भाताचं नाव काढायचं नाही. नवा बांध कुठून न्यायचा, हे एका यादीवर ठरणार होतं. ज्याचं शेत यादीत, तो बांधाच्या आत. ज्याचं नाही, त्याच्या शेतात खाडी. आणि एवढी मोठी यादी करायची जबाबदारी सरकारनं कुणावर टाकावी? आमच्यावर!

आमचे मालक. त्यांना सगळ्यांनी बॉस म्हणावं असा त्यांचाच आग्रह होता, म्हणून बॉस. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण ते कुणाला कळू न देण्याची हातोटी होती. दुसरे दामूअण्णा. जमीन मोजणीच्या खात्यात आयुष्यभर नकाशे गिरवून निवृत्त झालेले. ते जुना गावनकाशा डिजिटायझर नावाच्या मोठ्या टेबलावर चिकटवायचे, माउससारखं एक यंत्र शेताच्या हद्दीवरून फिरवायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बटण दाबायचे. त्याची फाइल व्हायची. त्या फाइलमध्ये चित्र नसतं, प्रत्येक कोपऱ्याचे नुसते आकडे असतात. ते आकडे वाचून शेतांची यादी काढायला मी पर्ल नावाच्या स्क्रिप्टिंग भाषेत पन्नासेक ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. म्हणून मी प्रोग्रामर मॅडम.

आणि तिसरी हिराबाई. ती ऑफिसातली नव्हती, पण आमच्यातल्या काही जणांपेक्षा नियमित यायची. तिचं भाताचं शेत खाडीला लागून. बांधाला खांड पडल्यापासून दोन वर्षं शेतात खारं पाणी, आणि ही शेताची मालकीण मिठागरात टोपल्या वाहायला जात होती. बाजाराला पेणला आली की डोक्यावरची पाटी खाली ठेवून ती आमचा जिना चढायची आणि दारातूनच विचारायची, "माझा शेत लागला काय गो बाय यादीत?"

मी म्हणायचे, काम चालू आहे. ते खरं होतं. कसं चालू होतं ते आता सांगते.

*

प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा वडखळच्या अलीकडच्या एका लहानशा गावात कोट्यवधी शेतं निघाली.

चूक माझी होती. त्या फाइलीची एक खोड होती. सुरुवातीचे काही आकडे एका बाजूनं वाचायचे आणि पुढचे उलट्या बाजूनं. असं का, ते ज्यांनी फाइल बनवली त्यांनाच ठाऊक. मी सगळे एकाच बाजूनं वाचले. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात एवढा आकडा बघून कुणीतरी दचकलं असतं. मी दचकलेच होते, पण बॉस माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्यांनी पडदा बघितला, मान हलवली आणि लगेच आम्हाला काम देणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबांना फोन लावला. म्हणाले, काम आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे, मुदत वाढवून द्या.

मुदत वाढवून मिळाली. चूक मी वीस मिनिटांत दुरुस्त केली होती.

*

दुरुस्त केलेला प्रोग्राम एका गावाची यादी चार सेकंदांत काढायचा. मला वाटलं, बॉस खूश होतील. ते घाबरले.

खात्याचे साहेब काम बघायला येणार होते. हे साहेब म्हणजे सही करणारे साहेब. त्यांच्या सहीशिवाय यादी म्हणजे रद्दी. बॉस मला म्हणाले, त्यांच्या डोळ्यांदेखत चार सेकंदांत यादी आली तर त्यांना वाटेल आपण काही केलंच नाही. थोडं थांबवता येईल का? मी प्रोग्राममध्ये थांबायची एक ओळ घातली. पडद्यावर एकेक ठिपका उमटायचा, अर्धा तास. साहेब आले, ठिपके बघत बसले, पोह्यांची बशी संपवली, दुसरी मागितली. यादी आली तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडं याला तीन महिने लागतात. तुमचं अर्ध्या तासात होतंय म्हणजे नीट होत नसणार."

पुढच्या भेटीला बॉसनी ठिपके सकाळी साडेनऊलाच सुरू करायला लावले. साहेब चार वाजता आले. ठिपके चालूच होते. साहेब म्हणाले, आता बरं वाटतंय.

त्या दिवशी हिराबाईही येऊन गेली. तिला मी पडद्यावरचे ठिपके दाखवले आणि म्हटलं, बघा, काम चालू आहे. तिनं थोडा वेळ ठिपके बघितले. मग मला म्हणाली, "चुलीवर भात ठेवलाय का गो, एवरा वाट बघताव?" मला आजही माझ्या त्या 'काम चालू आहे'ची लाज वाटते.

*

रोह्याची गोष्ट तर जगात फक्त आमच्याकडंच घडू शकते.

रोह्याला आमची एक खोली होती आणि तिच्यात एक कॉम्प्युटर. तिथं काही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हातानं टाइप करायचे होते. ते काम दामूअण्णांनी दोन दिवस जाऊन केलं. सुंदर काम, एक आकडा चुकलेला नाही. मी फाइल प्रोग्रामला दिली आणि जगाचा नकाशा उघडला, तर अख्खा रोहा तालुका नॉर्वेच्याही वर, बर्फाच्या समुद्रात!

झालं होतं असं, की फाइलमध्ये आधी रेखांश लागतो आणि मग अक्षांश. अण्णांनी आधी अक्षांश लिहिला होता. मी त्यांना सांगितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "शाळेत काय शिकलात तुम्ही? अक्षांश-रेखांश. रेखांश-अक्षांश असं आजवर कुणी म्हटलंय?"

मी प्रोग्राममध्ये आकड्यांची अदलाबदल केली आणि रोह्याला समुद्रातून परत आणलं. पण तोवर बॉसनी आधीच्या नकाशाची एक प्रत काढून वर पाठवली होती. आठवड्यानं ती परत आली. खाली साहेबांची सही होती आणि वर त्यांच्याच अक्षरात शेरा, 'प्रत्यक्ष स्थळ पाहणी केली. बरोबर आहे.'

तो कागद बॉसनी फ्रेम करून लावायचा म्हटलं होतं. सही साहेबांची होती ना!

*

त्याच वर्षी पावसाळ्यात निडीच्या रस्त्याचं प्रकरण झालं.

रोह्याच्या कामाच्या पाच फ्लॉप्या घेऊन मी एसटीनं पेणला येत होते. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं. गाडी थांबली, आम्ही उतरून गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेलो. चार फ्लॉप्या डब्यात होत्या, त्या वाचल्या. पाचवी पिशवीत होती, ती भिजली. बॉसनी ती वाळवायला मॉनिटरच्या डोक्यावर ठेवली. मॉनिटर म्हणजे मोठं लोहचुंबकच. उरलंसुरलं त्यानं पुसलं.

त्या फ्लॉपीत निडीजवळच्या जमिनी होत्या. प्रोग्रामनं मिळालं तेवढं वाचलं आणि जिथं आकडे संपले तिथं शून्य-शून्य धरलं. नकाशाच्या हिशोबात शून्य-शून्य ही जागा आफ्रिकेच्या पलीकडच्या समुद्रात येते. त्यामुळं निडीपासून एक सरळसोट रेघ निघाली, घरंदारं, शेतं, डोंगर काही न बघता नकाशाबाहेर गेली. साहेबांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? बॉस 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी बोलले नाहीत. ते म्हणाले, अजून प्रस्तावित आहे.

साहेबांनी रेघेच्या शेजारी पेन्सिलनं लिहिलं, 'प्रस्तावित रस्ता'.

महिन्याभरात निडीहून पंधरा-वीस माणसं आमच्या जिन्यात. रस्ता त्यांच्या घरांवरून जात होता. म्हातारी माणसं, बाया, सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मला कळेना तोंड कुठं लपवू. बॉसनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, बघतो, माझ्या हातात आहे तेवढं करतो. लोक गेल्यावर त्यांनी मला ती रेघ पुसायला लावली. मी एक बटण दाबलं, रस्ता गेला.

रस्ता रद्द करून आणल्याबद्दल निडीच्या लोकांनी बॉसना शाल आणि नारळ दिला. सत्काराच्या भाषणात बॉस म्हणाले, वरपर्यंत जावं लागलं.

*

आता जरा नीट ऐका.

सगळ्या गावांची यादी तयार झाली, सही झाली, आणि हिराबाई आली. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. मी यादी काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. तिचा गट नंबर नव्हता. पुन्हा बघितलं, नव्हता. मग नकाशा काढला तर नकाशात शेत आहे! खाडीला लागून, चारी बाजूंनी नीट. नकाशात आहे आणि यादीत नाही.

मी म्हटलं, पुढच्या बाजाराला या. ती एवढंच म्हणाली, "येवाचा तर हायच गो," आणि पाटी उचलून गेली. पाठीमागून बॉस म्हणाले, नकाशात आहे ना, मग झालं तर. मी पहिल्यांदाच त्यांना म्हटलं, बांध नकाशावर नाही घालणार, यादीवर घालणार आहेत.

दोन दिवस मी फाइल उसवत बसले. हिराबाईचं एकटीचं नव्हतं, साठ-सत्तर शेतं गायब होती. सगळ्यांचं दुखणं एकच. फाइलीचा नियम असा आहे, की जमिनीची हद्द घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत काढायची आणि मधे तळं, खड्डा असं काही वगळायचं असेल तर ते उलट दिशेनं. प्रोग्राम दिशा बघतो. उलटं काही आलं की ती जमीन नाहीच असं धरतो. ही सगळी शेतं उलटी काढलेली होती. म्हणजे माझ्या प्रोग्रामच्या लेखी हिराबाईचं शेत हा एक खड्डा होता. बॉसना सांगितलं तर ते म्हणाले, खारजमीन आहे, खड्डे असायचेच.

उलटी शेतं सगळी एकाच हातची, दामूअण्णांच्या. मी यादी घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले आणि विचारलं, अण्णा, ही शेतं उलटी का काढलीत? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. त्यांनी चष्मा पुसला, जुनी खातेदारांची वही उघडली आणि एकेका नंबरावर बोट ठेवत गेले. प्रत्येक नावापुढं कंसात एकच शब्द. मयत. मयत. मयत.

"मयताच्या शेताला सव्य फेरा घालायचा?" अण्णा म्हणाले. "मॅडम, तुम्ही घालाल?"

मी तिथंच स्टुलावर बसले. मीच त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, जे आहे ते उजवीकडून, जे नाही ते उलटं. आपल्याकडं देवाला उजवी प्रदक्षिणा आणि मयताला उलटी, हे शिकवायची गरजच नव्हती. अण्णांना तो नियम माझ्यापेक्षा जास्त पटला. तळं नाही म्हणजे उलटं, मालक नाही म्हणजे उलटं. तीस वर्षं ते कागदावर हेच करत आले होते, प्रत्येक मेलेल्या माणसाचं शेत मनोभावे उलटं गिरवत. शाईच्या रेघेला दिशा नसते, म्हणून कुणाला कळलं नाही. आमच्या फाइलीला कळलं.

मला आधी हसू आलं, आणि मग वही परत बघितली आणि हसू गेलं. नवरा मेल्यावर ज्यांची नावं कुणी कागदावर चढवलीच नाहीत, त्या बायकांची शेतं होती ती. तलाठ्याकडं खेटे घालायला ज्यांच्याकडं माणूस नाही, वेळ नाही, त्यांची. पाटलांचं एकही शेत त्यात नव्हतं. पाटलांकडं कुणी मेलं की तेराव्याच्या आधी नाव बदलतं.

*

दुरुस्ती सोपी होती असं मला वाटलं. प्रोग्राममधली दिशा बघायची ओळच काढून टाकली. साठ-सत्तर शेतं परत आली, आणि त्यांच्याबरोबर तालुक्यातली सगळी तळीही आली. प्रत्येक तळं आता कुणाचं तरी शेत होतं. मेलेला माणूस आणि तळं यांत प्रोग्रामला फरक करता येईना.

मग मी म्हटलं, अण्णा, वहीतले मयत नंबर वाचा, मी तेवढेच प्रोग्रामनं सुलटे करते. अण्णा नाही म्हणाले. माझ्या हातून नाही आणि माझ्या तोंडूनही नाही. वही माझ्यापुढं ठेवली आणि गच्चीत जाऊन उभे राहिले. ठीक आहे, म्हटलं, मी वाचते. तास-दीड तासाचं काम होतं. झालंही. पण सही झालेली यादी बदलायची तर साहेबांना सांगणं भाग होतं, आणि तिथं गाडी अडली.

साहेब ऑफिसात आले आणि ऐकून म्हणाले, प्रोग्राम चुकला असं लिहायचं नाही. प्रोग्राम चुकला म्हणजे यादी चुकली, यादी चुकली म्हणजे माझी सही चुकली. खातेदार समक्ष आले, त्यांनी आपली हद्द दाखवली आणि त्यानुसार दुरुस्ती केली, असं लिहा. एकेक शेत, माझ्यासमोर.

मी म्हटलं, साहेब, खातेदार मेलेत.

"मग वारस आणा," साहेब म्हणाले. "आणि एका दिवसात उरका. त्या दिवशी संध्याकाळी पाचला यादी घेऊन मी निघणार. जे होणार नाही ते राहिलं."

दारातून आत येता येता अण्णांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, हे बरोबर आहे. वारसानं स्वतःच्या हातानं उजवा फेरा घालावा. जित्या माणसाचा हात लागला की माझी काही हरकत नाही.

म्हणजे साहेबांची सही वाचली, अण्णांचा धर्म वाचला. मी मात्र गावोगावी निरोप धाडत बसले.

*

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला जिना बायकांनी भरलेला. नऊवारी, काष्टे, काही जणी मिठागरातून तशाच आलेल्या, पायांवर मिठाचे पांढरे डाग. बॉस कपाळाला हात लावून म्हणाले, अहो, हे डिजिटायझर आहे, तुळशीवृंदावन नाही! कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. साहेब पंख्याखालच्या खुर्चीत बसले होते, समोर यादी, हातात पेन.

पहिला नंबर हिराबाईचा. ती सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसली होती.

अण्णांनी तिचा गावनकाशा टेबलावर सारखा केला. तिनं जन्मात नकाशा बघितला नव्हता. अण्णांनी दाखवलं, ही खाडी, ही उघाडी. उघाडी म्हणजे पाणी सोडायचं दार. तिनं मान खाली घालून बघितलं आणि अण्णांचं बोट बाजूला सारलं. पुढचं तीच सांगायला लागली. हा जनाबाईचा, हा देवलाचा, हा आमचा. मी तिच्या हातात यंत्र दिलं आणि सांगितलं, कोपऱ्यावर आणायचं आणि बटण दाबायचं. उजवीकडून.

"उजवीकरनंच फिरते मी," ती म्हणाली. "रोज सकाली."

पहिला कोपरा. कॉम्प्युटर टुक वाजला. तिनं दचकून हात काढला, मग स्वतःशीच हसली आणि परत धरलं. दुसरा कोपरा. तिसरा. हात रेघ सोडत नव्हता. दामूअण्णा हात जोडून उभे, ते का, मी विचारलं नाही. चौथा कोपरा झाला. आता फक्त पहिल्या कोपऱ्याशी परत यायचं. तिथं बटण दाबलं की हद्द पुरी होते. न दाबलं तर फाइलीत शेत उघडं राहतं, आणि उघडं शेत प्रोग्राम घेत नाही.

हिराबाईनं यंत्र खाली ठेवलं.

मी म्हटलं, बाई, एकच राहिलं. पहिल्या कोपऱ्याला आणून जोडा.

ती नकाशावरची रेघ बघत होती, खाडीच्या बाजूची. "हितं रेघ कशी काय?" तिनं विचारलं. "हितं तर खांड हाय."

साहेब खुर्चीतून म्हणाले की नकाशात बांध आहे. तिनं त्यांच्याकडं न बघताच सांगितलं, "कागदावर हाय. शेतान नाय."

मी घाईघाईनं तिला समजावलं, की हे नुसतं कागदाचं आहे, इथं जोडलं की शेत यादीत जाईल आणि यादीत गेलं की बांध होईल. तिनं सगळं ऐकलं. तिला कळत नव्हतं असं अजिबात नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत ती उभी राहिली आणि म्हणाली, दोन वर्षं त्या खांडीतनं पानी येतंय. मी माझ्या हातानं लिवून देऊ, हितं बांध हाय म्हनून? उद्या तुमीच कागद दाखवाल, बाई, तूच जोडलास.

बॉस घड्याळ बघायला लागले. जिन्यात साठेक बायका, आणि पहिलीच अडलेली. पडद्यावर तिचं शेत तीन बाजूंनी बंद, चौथीकडून उघडं. मी साहेबांकडं बघितलं. ते नाही म्हणाले तर शेत राहिलं. मी काय करू शकत होते? काही नाही. माझा प्रोग्राम त्या एका टुकची वाट बघत थांबला होता.

"नाय जोडनार," हिराबाई म्हणाली. "जे बांध घालनार हाईत, ते जोडतील."

साहेबांनी एकदा बॉसकडं बघितलं, एकदा जिन्याकडं. जिन्यातली एकही बाई हलली नव्हती. सगळ्या त्यांच्याकडंच बघत होत्या. शेवटी त्यांनी पेनला टोपण लावलं, उठले, टेबलापाशी आले आणि हिराबाईनं ठेवलेलं यंत्र हातात घेतलं. त्यांना ते धरता येईना. अण्णांनी दाखवलं. साहेबांनी ते चौथ्या कोपऱ्यावरून सावकाश पहिल्या कोपऱ्यावर आणलं आणि बटण दाबलं.

टुक.

पडद्यावर शेत भरलं. यादीत हिराबाईचा गट नंबर आला. मी तो तिला वाचून दाखवला, दोनदा.

हिराबाईनं दारातली पाटी उचलून डोक्यावर घेतली, एका हातानं सांभाळली आणि साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"आता तुमी जोडलात," ती म्हणाली. "उधानाला बोलवाया येते."